दुतोंड्या मारुती, निळी रेषा आणि ३१ जुलै : शहराचा पर्यावरण-कारभार कसा चालतो

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशिककर क्युसेकचा आकडा कानांनी ऐकतात, पण डोळ्यांपुढे येतो तो दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदावरीच्या घाटावरची मारुतीची उंच मूर्ती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, एवढं कळलं की गोदाघाटावरचे टपरीवाले सामान उचलतात आणि सराफ बाजारातले दुकानदार खालच्या फळ्या रिकाम्या करायला लागतात. त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. खूण सगळ्यांना ठाऊक असते, ती कुणासाठी आहे हे ठाऊक असतं आणि पाणी तिथे पोचलं की काय करायचं तेही ठाऊक असतं.

शहरातलं पर्यावरण बदलतंय. आठवड्याचा पाऊस दोन तासांत कोसळतो, नदीत सांडपाणी वाढतं, सावली कमी होते. अशा वेळी शहर कसं चालवायचं, याला अभ्यासक ‘गव्हर्नन्स’ म्हणतात. आपण साधा ‘कारभार’ म्हणू. यात महापालिका येते, राज्य सरकारची खाती येतात, न्यायालय येतं, तुमची सोसायटीही येते. कारभाराच्या पद्धती अनेक आहेत. कुठे बंदी आणि परवानगी, कुठे निधीला बांधलेली अट, कुठे लोकांच्या हरकती-सूचना, कुठे अनुभव पाहून नियम बदलत जाणं. पण प्रत्येकीला तीनच प्रश्न विचारून पाहावेत : आकडा कोणता? तो कुणाच्या हातात? आणि तो ओलांडला की आपोआप काय घडतं? नाशिकला कायद्यांची वाण नाही. गाडं अडतं ते बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नापाशी.

एक नदी, अनेक दप्तरं

गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, तेव्हा तिच्या काठी त्र्यंबकेश्वर नगरपरिषद असते. गंगापूर धरणात ती जलसंपदा विभागाची होते. शहरात शिरली की गटारं, नाले, मलनिस्सारण केंद्रं आणि पाणवेली काढण्याचं काम महापालिकेचं. उद्योगांना आणि महापालिकेच्या केंद्रांनाही पाणी सोडण्याची संमती देणं, नमुने घेणं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. सातपूर आणि अंबड वसाहतींचे रस्ते-भूखंड एमआयडीसीचे. पूर आला की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी. शहराच्या हद्दीबाहेरच्या गावांतल्या बांधकामांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. सिंहस्थासाठी त्यात कुंभमेळा प्राधिकरणाची भर पडली आहे.

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये बारावी अनुसूची आणली. तिच्यातल्या १८ विषयांत ‘नागरी वनीकरण, पर्यावरणाचे संरक्षण’ हाही विषय आहे. म्हणून सगळं महापालिकेनेच करावं, अशी अपेक्षा असते. पण धरणाचा दरवाजा महापालिकेच्या हातात नाही आणि कारखान्याचं संमतिपत्रही नाही. गोदावरीच्या प्रदूषणावर २०१२ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. पुढे देखरेखीसाठी समिती नेमली गेली ती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली. त्यामागचं कारण व्यावहारिक आहे : या सगळ्या दप्तरांना एका टेबलाशी बसवू शकेल, असं पद विभागात फारसं दुसरं नाही. अशी समिती समन्वय करू शकते. मात्र तिच्याकडे स्वतःचं अंदाजपत्रक नसतं. बैठकीत ठरलेलं काम पुन्हा ज्याच्या-त्याच्या खात्याच्या निविदेत जाऊन उभं राहतं.

तिन्ही उत्तरं असलेला नियम

नाशिकमध्ये ज्याच्यावर सर्वांत जास्त भांडण होतं, तोच नियम बांधणीच्या दृष्टीने सर्वांत पक्का आहे. गोदावरीवर खाली मराठवाड्यात असलेल्या जायकवाडी धरणाचा साठा १५ ऑक्टोबरला उपयुक्त क्षमतेच्या ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या नाशिक-नगरमधल्या धरणांतून पाणी सोडायचं. धरणांच्या कोणत्या समूहातून किती, याचा तक्ता मेंढेगिरी समितीने दिला. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये त्यावर आदेश काढला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं हे तत्त्व उचलून धरलं. २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये पाणी सोडावं लागलं.

आकडा न्याय्य आहे का, यावर वाद जरूर घालावा. वाटेत मुरणारं आणि बाष्प होणारं पाणी, बदललेला पाऊस, वाढलेलं शहर हे सगळे मुद्दे खरे आहेत, आणि तक्त्याच्या फेरतपासणीसाठी पुढे नाशिकच्याच ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगटही नेमला गेला. पण बांधणी पाहा : आकडा ठरलेला, तारीख ठरलेली, मोजणारं खातं ठरलेलं आणि पुढची कृतीही ठरलेली. म्हणूनच दुष्काळी वर्षात, राजकीय ताण टोकाला गेला असतानाही, नियम चालतो. शहरातल्या बाकीच्या नियमांत यातला एखादा तरी खिळा निसटलेला असतो.

निळी रेषा, लाल रेषा

नदीकाठी फ्लॅट घेणाऱ्याला ‘हा ब्लू लाइनच्या बाहेर आहे’ असं सांगितलं जातं आणि तो निर्धास्त होतो. या रेषांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल, एवढ्या पुराची पातळी. लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की २५ वर्षं सुट्टी, असा नाही. दर पावसाळ्यात ४ टक्के शक्यता, असा तो आहे. लाल रेषेसाठी ती दर वर्षी १ टक्का. २० वर्षांचं गृहकर्ज काढलं, तर हप्ते फिटेपर्यंत निळ्या रेषेएवढा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते आणि लाल रेषेएवढा येण्याची सुमारे १८ टक्के. पहिलं जवळजवळ नाणेफेकीसारखं आहे.

२०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, लॉन, मोकळं मैदान, उघडी भाजीमंडई, वाहनतळ, स्मशानभूमी, मलनिस्सारण केंद्र असे वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधकाम होऊ शकतं, पण बांधकामाची पातळी लाल पूरपातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, वर हवी.

गफलत होते ती इथेच. जोतं दीड फूट वर, पण खाली पार्किंग. पार्किंगमध्ये वीजमीटरची खोली, लिफ्टची यंत्रणा, पाण्याचा पंप आणि जमिनीखालची टाकी. पूर आला की कुणाच्या घरात पाणी शिरत नाही, पण वीज जाते, पंप जळतो आणि टाकीच्या झाकणावरून पुराचं पाणी पिण्याच्या पाण्यात उतरतं. कागदावर इमारत नियमात असते आणि माणसं आठवडाभर टँकरवर. म्हणून नगररचना विभागातून गट नंबर किंवा सर्व्हे नंबर सांगून पूररेषा दाखवलेला भाग नकाशा घ्या. त्या ठिकाणची लाल पूरपातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर आहे, ते विचारा. मग आर्किटेक्टकडून तीन गोष्टींची पातळी त्याच मापात लिहून घ्या : जोतं, मीटरची खोली आणि टाकीचं झाकण. शेवटच्या दोन्ही लाल पातळीच्या वर हव्यात.

दुसरी अडचण रेषेच्या स्वभावातच आहे. ती जुन्या नोंदींवरून काढलेली असते. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ हे गोदेचे पूर नाशिककरांच्या आठवणीत ताजे आहेत. दर मोठ्या पुरानंतर खुणा मोजून रेषा पुन्हा तपासली, तरच ती खरी राहते. शिवाय शहराला बुडवायला नदीच लागते असं नाही. सराफ बाजारात जोराच्या पावसात सरस्वती नाल्याचं पाणीही उतरतं. नासर्डी आणि वाघाडी या छोट्या नद्यांच्या काठीही शहरात पडलेलाच पाऊस नडतो. नदी फुगलेली असताना पावसाळी गटारांची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं चेंबरमधून रस्त्यावर येतं. तिथे लागतात ते गटाराच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारे झडपदरवाजे आणि पंप. नदीकाठची भिंत उंच करून हे पाणी थांबत नाही.

फेसाचं गणित

उन्हाळ्यात तपोवनाच्या खाली नदीवर फेस दिसतो आणि ‘तिथलं मलनिस्सारण केंद्र चालूच नाही’ अशी बातमी फिरते. कधी ते खरं असेलही. पण केंद्र कागदोपत्री नियमात चालत असतानाही नदी घाण राहू शकते. त्याचं कारण गणितात आहे.

पाण्यातली घाण मोजायचं एक माप म्हणजे बीओडी : त्या पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, ते. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी साधारण लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. अंघोळीलायक नदीचा ३ पेक्षा जास्त नको. जुन्या धर्तीची केंद्रं ३० चं लक्ष्य धरून बांधली गेली.

तपोवनचं केंद्र १३० दशलक्ष लिटर क्षमतेचं धरू. दिवसाला एवढं पाणी म्हणजे सेकंदाला सुमारे १,५०० लिटर, आपल्या ओळखीच्या भाषेत ५३ क्युसेक. ३० बीओडीचं हे पाणी ३ वर आणायचं, तर त्यात नऊपट निखळ स्वच्छ पाणी मिसळावं लागेल, म्हणजे सुमारे ४८० क्युसेक, सतत, आणि तेही एका केंद्रासाठी. आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथली केंद्रं वेगळीच. उन्हाळ्यात आवर्तन (धरणातून ठरावीक काळाने सोडलं जाणारं पाणी) नसताना नदीत एवढा प्रवाह नसतोच. म्हणजे खालच्या अंगाला वाहतं ते मुख्यत्वे केंद्रातून आलेलं पाणीच.

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये मोठ्या शहरांसाठी बीओडी १० चं मानक सांगितलं. १० चं पाणी ३ वर आणायला सव्वादोन-अडीचपट पाणी पुरतं, म्हणजे साधारण १२५ क्युसेक. तरीही पाणी लागतंच. यातून कारभाराचा एक मुद्दा निघतो, आणि आमच्या मते गोदावरीच्या चर्चेत तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे : मलनिस्सारणाचं मानक महापालिकेच्या दप्तरात आहे आणि नदीतला प्रवाह जलसंपदाच्या दप्तरात. दोन्ही आकडे एकाच कागदावर येत नाहीत, तोवर ‘अंघोळीलायक गोदावरी’ हे उद्दिष्ट कुणा एकाचं होत नाही. पात्रातल्या काँक्रीटखाली कुंडांचे जिवंत झरे दबले असतील, तर ते मोकळे करण्याची मागणी भावनेपोटीच होते असं समजू नये. उन्हाळ्यात तो प्रवाहाचाच एक वाटा असतो.

गच्चीचा पाइप कुठे जातो?

या गणितात सोसायटीचाही हात आहे. ५०० चौरस मीटर किंवा जास्त भूखंडावर पावसाचं पाणी साठवणं-जिरवणं बंधनकारक आहे. नाशिकला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि २० टक्के वाया गेला असं मानलं, तरी ४०० चौरस मीटरच्या गच्चीवरून सव्वादोन लाख लिटर पाणी मिळतं, म्हणजे १०,००० लिटरचे बावीस टँकर.

पण पाऊस वर्षभर सारखा पडत नाही. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला, तर तेच २० टक्के वजा करूनही त्याच गच्चीवरून १६,००० लिटर उतरतं. दीड बाय दीड मीटरचा दोन मीटर खोल खड्डा फक्त ४,५०० लिटरचा. त्यात खडी-वाळू भरली की जागा आणखी निम्म्याहून कमी. आपल्याखाली काळा पाषाण आहे. मुरमाचा थर पातळ असेल, तर खड्ड्यातलं पाणी तसंच उभं राहतं. म्हणून खड्ड्यातून बोअर घेऊन तो भेगाळलेल्या थरापर्यंत न्यावा लागतो. पहिल्या पावसाची धूळ-पानं बाहेर सोडायला वेगळी झडप लागते. ती नसेल, तर एकदोन पावसाळ्यांत वाळूवर गाळाची पापडी बसते आणि पाणी वरून वाहायला लागतं.

मग प्लंबर सोपा उपाय करतो : ओसंडणारा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकतो. असे हजारो पाइप जोडले गेले की पावसाच्या पहिल्या तासात मलवाहिनीत क्षमतेच्या कितीतरी पट पाणी येतं, चेंबर उसळतात आणि केंद्राला मैलापाणी प्रक्रियेविना पुढे सोडावं लागतं. पूर्णत्वाचा दाखला देताना पाइप दिसला की खूण पडते. दाखल्यानंतर दर वर्षी मेअखेर कोण तपासणार, ही तारीख मात्र व्यवहारात कुणाकडेच नाही. सोसायटीने ती स्वतः ठरवावी : वरची १०-१५ सेंटीमीटर वाळू काढून धुवायची, झडप उघडून पाहायची, आणि गच्चीवर बादलीभर रंगीत पाणी ओतून ते ड्रेनेजच्या चेंबरमध्ये येतं का, हे झाकण उचलून बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

हवेबद्दल थोडक्यात. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिक आहे आणि निधीचा हप्ता पीएम-१०, म्हणजे हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, किती घटलं, याला बांधलेला आहे. परिणामाला बांधलेला पैसा म्हणून ही पद्धत चांगली. पण पीएम-१० मोजलं की पैसा रस्त्यावरच्या धुळीकडे वळतो, झाडूयंत्रं आणि पाणी फवारणारे टँकर येतात, आणि फुप्फुसात खोल जाणारं पीएम-२.५, म्हणजे धूर, मागे राहतं. देशभर हेच झालं. ज्याचं माप धरलं, तेवढ्याचाच कारभार होतो.

झाडाचं वय

लोकसहभागाची सर्वांत ठोस जागा झाडांच्या कायद्यात आहे. २०२५ च्या अखेरीस तपोवनात साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, सुमारे १,८०० झाडांचा प्रश्न आला, तेव्हा ती नाशिकने वापरूनही पाहिली. १९७५ च्या कायद्यानुसार तोडीचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस लावायची, हरकती घ्यायच्या, आणि परवानगी मिळाल्यावरही १५ दिवस कुऱ्हाड लावायची नाही. याच दिवसांत फेरविचार मागता येतो.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर एका रकान्याला मोठं महत्त्व आलं : झाडाचं वय. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, जिओटॅग करून, सात वर्षं जगवायची. म्हणजे ४० वर्षांची चिंच यादीत १५ वर्षांची दाखवली, तर एका ओळीत २५ झाडं गळतात. ५५ वर्षांचा वड ४५ चा झाला, तर त्याचा दर्जाच जातो.

‘झाडं तोडू नका’ एवढीच हरकत सुनावणीत एका वाक्यात निकाली निघते. यादीतला झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा खोडाचा घेर सेंटीमीटरमध्ये, टेप दिसेल असा फोटो, वयाबद्दलचा आक्षेप आणि जुना पुरावा, असं लिहिलं की उत्तरही त्या क्रमांकाचं द्यावं लागतं. पुराव्याला जुनी उपग्रहचित्रं चालतात, रस्त्याचे जुने फोटो चालतात. पर्यायी आराखडा जोडलात तर उत्तम : रस्ता किती मीटर सरकवला की किती झाडं वाचतात. आणि जी नवी झाडं लावणार, त्यांची जागा सर्व्हे नंबरसह मागा. जागाच नसेल, तर सगळा हिशेब हवेत राहतो.

३१ जुलै

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दर वर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरण सद्यस्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. तारीख आहे, जबाबदार व्यक्ती आहे, आकडेही असतात. अहवालात नदी बिघडलेली दिसली तर पुढे काय, हे मात्र कायद्याने सांगितलेलं नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर आयुक्तच प्रशासक झाले, तेव्हा अहवाल मांडणारा आणि स्वीकारणारा एकच उरला. प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. प्रभागापेक्षाही खालच्या पातळीवर मतदारांची क्षेत्रसभा घ्यायची तरतूद कायद्यात २००९ पासून आहे. तिचा वापर जवळजवळ नाही.

हा अहवाल मागून वाचावा. सुरुवातीची छायाचित्रं सोडून द्यावीत आणि तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून एकाच ठिकाणचे, एकाच महिन्याचे नमुने ताडून पाहावेत. ऑगस्टचा बीओडी मेच्या शेजारी ठेवून ‘सुधारणा’ दाखवता येते, कारण ऑगस्टमध्ये पूरपाणी सगळं पातळ करतं. स्वतः बाटलीत भरलेला नमुना कायदेशीर पुरावा ठरत नाही. जल अधिनियमानुसार प्रदूषण मंडळाने रीतसर घेतलेलाच नमुना चालतो, म्हणून मंडळाकडे जागा, वेळ आणि फोटो देऊन नमुना घेण्याची लेखी मागणी करावी आणि पोच जपून ठेवावी. हरित लवादाकडे, म्हणजे पुण्याच्या पश्चिम खंडपीठाकडे, वाद नेण्याची मुदत मूळ कारण घडल्यापासून सहा महिने असते. ती पोच तिथे कामाला येते.

जे अहवालात नसेल, ते १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने मागता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस. इथे शब्द जपून वापरावे लागतात. ‘पाणी घाण का सोडलं?’ असं विचारलं, तर ‘कारणमीमांसा माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. त्याऐवजी असं लिहावं : ‘तपोवन मलनिस्सारण केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचे गेल्या १२ महिन्यांचे बीओडी, सीओडी आणि फिकल कॉलिफॉर्मचे प्रयोगशाळा अहवाल, त्याच काळात केंद्रात आलेल्या व शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या रोजच्या नोंदी, आणि सांडपाणी प्रक्रियेविना सोडल्याच्या दिवशीच्या लॉगबुकच्या पानांच्या प्रती.’ (सीओडी म्हणजे घाणीचं रासायनिक पद्धतीने काढलेलं माप, फिकल कॉलिफॉर्म म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू.) लॉगबुकमध्ये वेळ असते, तासांची बेरीज असते आणि पाळीवरच्या ऑपरेटरने लिहिलेलं कारणही असतं.